चित्रकार वारल्याचा पुरावा

आठ चित्रांपैकी एकच चित्र भिंतीवर लावायचं, एवढाच हरीश आठल्येचा बेत होता. जगातली मोठमोठी युद्धं याहून लहान बेतांतून पेटलेली आहेत, पण त्यांत निदान समोर शत्रू तरी असतो. हरीशसमोर सगळे कमरेत वाकून नमस्कार करणारे लोक होते, आणि वाकलेल्या माणसाशी लढायचं कसं हे त्याला पुण्याच्या कुठल्याच शाळेत शिकवलेलं नव्हतं.

त्याचं झालं असं. वसंतात क्योतोतल्या एका देवळाच्या आवारात जुन्या पुस्तकांचा बाजार भरला होता. हरीश तिथे गेला तो काही पुस्तकप्रेमाने नव्हे. "दोन तास घराबाहेर जा, मला मीटिंग आहे," असं बायकोने, म्हणजे नुपूरने, सांगितलं होतं म्हणून. एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टेबलावर कापडी पाठीचं एक मोठं पाकीट पडलं होतं. हरीशने ते सहज उघडलं. त्याबरोबर विक्रेता खुर्चीतून उठला आणि इतका खोल वाकला की हरीशला त्याच्या टोपीचा वरचा शिवणीचा ठिपका दिसला. पुण्याच्या दुकानदाराला "नुसतं बघतोय" असं सांगावं लागत नाही. तोच आपल्याला "नुसतं बघायचं असेल तर बाहेरून बघा" असं सांगतो. इथे तसा आधार नव्हता. विक्रेता सरळ व्हायच्या आत पाकीट हरीशच्या मालकीचं झालेलं होतं.

आत आठ चित्रं होती. अठराव्या शतकात तांब्याच्या पत्र्यावर बारीक कोरणीने कोरून छापलेली, एका जुन्या इंग्रजी विनोदी कादंबरीसाठी. कादंबरीचा नायक स्क्वायर पंपल्टन हा खेडेगावातला गलेलठ्ठ जमीनदार. त्याला शेजाऱ्याचा हंस चावतो. त्याची तक्रार नोंदवायला तो घोड्यावर बसून शहराकडे निघतो. चार खंड संपतात, स्क्वायर तीन वेळा चिखलात पडतो, दोनदा चुकीच्या लग्नात जेवतो, एकदा तर स्वतःच कोठडीत जातो. तक्रार शेवटपर्यंत कोणी लिहून घेत नाही. प्रत्येक चित्रात त्याचा मान उतरवण्याची वेगळी तऱ्हा होती. पाचव्या चित्रात तर खाणावळीत चुकीच्या खोलीत शिरलेला स्क्वायर चोळणा मागे टाकून पळतोय, खाणावळवाली पितळी तवा घेऊन त्याच्या मागे लागली आहे, आणि त्याचा भरघोस पार्श्वभाग थेट वाचकांकडे आहे.

हरीशला ती चित्रं भलतीच आवडली. क्योतोतल्या एका संशोधन संस्थेत तो चिकट पदार्थांवर, म्हणजे साध्या भाषेत डिंकावर, काम करी. दिवसभर डिंकाच्या सहवासात काढणाऱ्या माणसाला आपण मूळचे रसिक आहोत हे अधूनमधून सिद्ध करावंसं वाटतं.

"हे दिवाणखान्यात लावायचं?" पाचवं चित्र पाहून नुपूर म्हणाली.

"हे नाही, पहिलं. यात तो नुसता घोड्यावर चढतोय."

"पण उलट्या बाजूने चढतोय."

"तोच विनोद आहे."

पंधरा वर्षांची रुचा फोनमधून मान वर न करता "मेन्दोकुसाई" असं म्हणाली. 'कोण कटकट करणार' या अर्थाचा हा जपानी शब्द तिला आईवडिलांशी होणाऱ्या बहुतेक सगळ्या संवादांना पुरे.

भाड्याच्या घराला खिळा मारायचा नाही, असं कराराच्या सतराव्या कलमात होतं. हरीशला खिळ्याची गरज नव्हती. त्याने प्रयोगशाळेतून स्वतःच्या देखरेखीखाली तयार झालेला चिकट हुक आणला, काचेची चौकट केली आणि स्क्वायरला सोफ्याच्या वर टांगलं. "हा हुक बारा किलो पेलतो," तो म्हणाला. त्याच्या नावावर तसा शोधनिबंधच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर साडेसहाला स्क्वायर खाली आला. काचेचा असा काही आवाज झाला की खालच्या मजल्यावर रेडिओच्या तालावर व्यायाम करणारे ओकुमुरा-सान व्यायाम अर्धा टाकून बाहेर पडले. दोन मिनिटांनी ते हरीशच्या दारात उभे होते: डोक्यावर पिवळं हेल्मेट, पाठीवर भूकंपाची पिशवी, हातात बॅटरी, आणि व्यायामामुळे एक हात अजून थोडासा वर.

ओकुमुरा-सान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. मोहल्ल्याच्या संघाचे ते अध्यक्ष. कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा याचे सर्वोच्च न्यायालयही तेच. त्यांनी परिस्थिती पाहिली, हेल्मेट न काढता खाली बसले, काचा कागदात गुंडाळून वर ठळक अक्षरांत 'धोका' असं लिहिलं, आणि मग पहिल्यांदा चित्राकडे पाहिलं.

"हे काय पडलं होतं भिंतीवरून?"

"चित्र. हुक... निघाला," हरीश म्हणाला.

"आपण डिंकाचे शास्त्रज्ञ ना?" ओकुमुरा-सान अत्यंत आदराने म्हणाले.

या वाक्यात कुचकेपणाचा लवलेश नव्हता. हरीशला ते आठवडाभर झोंबत राहिलं ते त्यामुळेच.

ओकुमुरा-सानांनी पाकीट मागवून आठही चित्रं पाहिली. पाचव्यापाशी ते बराच वेळ थांबले. मग हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि बोलू लागले. हरीशचं जपानी दोन ठिकाणी उत्तम चाले: प्रयोगशाळेत आणि किराणा दुकानात. 'रेणूंची साखळी तुटली' आणि 'पिशवी नको' या दोन टोकांच्या मध्ये जी विशाल भाषा पसरली आहे, तिच्यात ऐकताना तो दर वाक्यानंतर "हाय, हाय" म्हणे. त्याच्या मते याचा अर्थ 'ऐकतोय, चालू द्या'. ओकुमुरा-सानांच्या मते त्याचा अर्थ 'होय'. आठ वेळा "हाय" झाल्यावर त्यांनी उठून नमस्कार केला आणि ते गेले.

"काय म्हणाले?" नुपूरने रुचाला विचारलं.

"नोव्हेंबरमध्ये आपल्या वॉर्डाच्या हॉलमध्ये सांस्कृतिक सप्ताह असतो ना, त्यात बाबाचं प्रदर्शन आहे. बाबा हो म्हणाला. आठ वेळा."

आता यातून माघार घेता आली असती, असं वाचकाला वाटेल. त्या वाचकाने एकदा क्योतोत राहून पाहावं. शिवाय खरं सांगायचं तर हरीशच्या मनातही एक कळी खुलली होती. सहा वर्षांत या शहराने त्याला फक्त दोन विषयांवर बोलायला बोलावलं होतं: डिंक आणि करी. 'अठराव्या शतकातील कोरीव चित्रकला' हा तिसरा विषय त्याला शोभून दिसेल असं वाटू लागलं.

हॉलच्या कचेरीत मोरिता-सान नावाचे पस्तिशीतले गृहस्थ होते. त्यांच्याइतका नम्र माणूस हरीशने पाहिलेला नव्हता, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या नम्रतेने त्याला जितकं घायाळ केलं तितकं कोणी शिव्या देऊनही केलं नसतं. दुभाषी म्हणून रुचा सोबत होती. अर्ज चार पानी होता.

"कलावंताची संमती," मोरिता-सानांनी तिसऱ्या पानावरच्या रिकाम्या चौकोनावर पेन ठेवलं.

"कलावंत वारले आहेत," हरीशने सांगितलं.

मोरिता-सान ताडकन उठले. दोन्ही हात मांड्यांना लावून त्यांनी मान खाली घातली आणि शोक व्यक्त केला. शेजारच्या टेबलावरच्या बाईही उठल्या. हरीशलाही उठावं लागलं.

"केव्हा झालं हे?" मोरिता-सानांनी हलक्या आवाजात विचारलं.

"साधारण दोनशे वीस वर्षांपूर्वी."

मोरिता-सान खाली बसले. त्यांनी काही लिहिलं, खोडलं. "ते वारले आहेत याबद्दल मला व्यक्तिशः मुळीच शंका नाही," रुचाने भाषांतर केलं, "पण कागद लागेल. मृत्यूनंतर सत्तर वर्षं झाली असतील तर संमती लागत नाही. मृत्यूची तारीख मात्र दाखवावी लागते."

मग त्यांनी भिंगातून चित्राची खालची कड पाहिली. तिथे बारीक अक्षरांत तीन नावं होती. डावीकडे रेखाटणारा टॅप्सकॉट, उजवीकडे पत्र्यावर कोरणारा मडफर्ड, आणि मध्ये प्रकाशक म्हणून 'विधवा ग्रिम्बल आणि पुत्र'.

"म्हणजे तीन दाखले," मोरिता-सान म्हणाले. मग त्यांचा चेहरा जरा उजळला. "या बाई विधवा आहेत. म्हणजे निदान एक मृत्यू तरी इथे छापील स्वरूपात आहे."

"पण तो ग्रिम्बलचा. त्याचा आपल्याला उपयोग नाही," हरीश म्हणाला.

"नाही," मोरिता-सान खिन्नपणे म्हणाले. "तरी सुरुवात चांगली आहे."

घरी येऊन हरीशने प्रतापला फोन लावला. प्रताप घाणेकर योकोहामातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि उरलेल्या वेळात जपानातल्या यच्चयावत मराठी माणसांना सल्ले देतो. त्याचे सल्ले चुकतात, पण वेळेवर मिळतात.

"अरे, हे सोपं आहे," प्रताप म्हणाला. "आपल्याकडे पेन्शनला हयातीचा दाखला लागतो की नाही? तसाच हा. माणूस समोर आला तर हयात. समोर नाही आला तर आपोआप मयत. तू त्यांना सांग, टॅप्सकॉटला हजर राहायची नोटीस काढा. आला नाही की विषय संपला."

"आणि आला तर?"

"तर त्याची सही घे!"

हरीशने फोन ठेवला आणि इंग्लंडमधल्या तीन चर्चना पत्रं लिहिली. आपण क्योतोहून लिहीत आहोत, मडफर्ड यांच्या मृत्यूची आपल्याला निकडीने गरज आहे, असं त्याने नमूद केलं. दोन चर्चनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या चर्चच्या दफनाच्या वह्या सांभाळणाऱ्या एका उत्साही आजीबाईंनी मात्र आठवड्याभरात पानाचा फोटो पाठवला: जे. मडफर्ड, कोरीवकाम करणारा, दफन १८०३. सोबत लांबलचक पत्र होतं. इतक्या वर्षांनी मडफर्ड घराण्याचं कोणीतरी पुढे आलं याचा गावाला फार आनंद झाला आहे; थडग्यावर काटेरी झुडपं माजली आहेत; जून महिन्यात स्मशान साफ करायचा कार्यक्रम आहे, तरी आपण आपलं खुरपं घेऊन यावं.

हरीशने आपण मडफर्ड नसून आठल्ये आहोत असा खुलासा धाडला. तो पोहोचायच्या आत चर्चच्या बातमीपत्रात 'जपानी वंशजाचा शोध लागला' अशी चौकट छापून आली होती.

विधवा ग्रिम्बल यांचा मृत्यू एका विद्यापीठाच्या सूचीत सापडला. पुत्रांचं काय, असं मोरिता-सानांनी विचारलं नाही. हरीशनेही तो विषय काढला नाही. एवढी व्यावहारिक अक्कल त्याला आतापर्यंत आली होती. राहिला टॅप्सकॉट. हा गृहस्थ कुठे जन्मला, कुठे राहिला, केव्हा मेला, याची जगात कुठेच नोंद नव्हती. तो आठ चित्रं काढून नाहीसा झाला होता.

"तर मग," मोरिता-सान अतिशय अवघडून म्हणाले, "कागदोपत्री ते हयात असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

"त्यांचं वय दोनशे ऐंशी असेल!"

"जपानमध्ये लोक दीर्घायुषी असतात," मोरिता-सान म्हणाले. मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी क्षमा मागितली आणि ते साहेबांना विचारायला आत गेले. वीस मिनिटांनी तोडगा घेऊन बाहेर आले. टॅप्सकॉट यांची नोंद 'हयात, पत्ता अज्ञात, संपर्काचे प्रयत्न चालू' अशी करायची. हरीशने दर पंधरवड्याला फोन करून प्रयत्नांची प्रगती कळवायची.

त्यानंतर जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत, पंधरा दिवसांतून एकदा, चिकट पदार्थ विभागाचा वरिष्ठ संशोधक हरीश आठल्ये जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभा राहून फोनवर सांगत असे, "टॅप्सकॉट-सान अजून भेटले नाहीत." पलीकडून मोरिता-सान म्हणत, "आपल्याला फार कष्ट पडताहेत." एका सहकाऱ्याने तर हरीशचा कोणी मित्र हरवला आहे असं समजून त्याच्या टेबलावर गोड बिस्किटांचा पुडा ठेवला.

"अरे, कडेची नावं चौकटीच्या पुठ्ठ्याखाली झाकून टाकली असतीस तर?" नुपूरने एकदा जेवताना विचारलं.

"कोरीव चित्रात पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर उमटलेला दिसावा लागतो. तो झाकणं म्हणजे माणसाचे कान कापून फोटो काढण्यासारखं आहे."

"मग कर फोन," नुपूर म्हणाली आणि आमटी वाढली.

ऑक्टोबरात खरी ठिणगी पडली. सप्ताहाच्या समितीने चित्रं मागवून पाहिली आणि एक नम्र पत्र आलं. प्रदर्शनाला प्राथमिक शाळेची मुलंही येतात. तरी पाचव्या चित्राच्या एका विशिष्ट भागाबाबत 'थोडा विचार व्हावा'.

हरीश पेटला. महिनोन् महिने साठलेला अपमान त्याच्यात होता: हुकाचा, थडग्याचा, जिन्यातल्या फोनचा. त्याने रात्री जेवणही धड न करता, नंतर दोन दिवस कचेरीच्या वेळातही, इंग्रजीत चार पानी निषेधपत्र लिहिलं. त्यात विनोदाचं सामाजिक कार्य होतं, सत्तेची वस्त्रं उतरवणाऱ्या परंपरेचा आढावा होता, आणि शेवटी 'पंपल्टनचा पार्श्वभाग झाकला गेल्यास मला सर्व आठ चित्रं मागे घ्यावी लागतील' अशी धमकी होती. ही धमकी त्याने आधी खोडली आणि मग पुन्हा लिहिली, कारण प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना त्याने निमंत्रणं देऊन ठेवली होती.

"रुचा, याचं आदरार्थी जपानीत भाषांतर कर. एकही शब्द गाळू नकोस."

रुचाने चार पानं उलटून पाहिली. "सगळं?"

"सगळं."

तिने संध्याकाळी पत्र टाकलं. चार दिवसांनी उत्तर आलं. समितीने एकमताने हरीशला प्रवेशद्वारासमोरची मुख्य भिंत दिली होती, उद्घाटनाचं भाषण करण्याची विनंती केली होती आणि आपल्या पत्राने आम्ही हेलावून गेलो, असं कळवलं होतं. हरीश ते उत्तर खिशात घेऊन दोन दिवस फिरला. "लेखणीत ताकद असते," असं त्याने प्रतापला फोनवर सांगितलं. "मी तुला म्हणत होतोच," असं प्रताप म्हणाला. त्याने तसं काहीही म्हटलेलं नव्हतं.

उद्घाटनाच्या सकाळी हरीश नवा कोट घालून हॉलमध्ये शिरला आणि जागच्या जागी थबकला. एका बाजूला फुलांच्या रचना, दुसऱ्या बाजूला ज्येष्ठ नागरिकांनी केलेले मातीचे बेडूक, आणि समोर मुख्य भिंतीवर आठ चित्रं. सात जशीच्या तशी. पाचव्यात, नेमक्या जागी, काचेवर एक सुंदर लालभडक मेपलचं पान. हातकागदाचं, ऋतूला साजेसं, पाच टोकांचं.

"पुष्परचना मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतः कापलंय," ओकुमुरा-सान अभिमानाने म्हणाले.

तेवढ्यात एका आजीबाईंनी पुढे होऊन दोन बोटांनी ते पान हळूच वर उचललं, आत पाहिलं, तोंडावर हात ठेवला आणि पान पुन्हा खाली सोडलं. पान अलगद जागेवर बसलं. दुसऱ्या आजीबाई पुढे आल्या. मग एक आजोबा. पान फक्त वरच्या टोकाला चिकटवलेलं होतं, आणि तासाभरात साठ लोकांनी उचलूनही ते तसूभर सरकलं नव्हतं. हरीशने पुढे होऊन वास घेतला. साधी भाताची खळ. वारंवार उचलूनही न निसटणारी अशी चिकट जोडणी शोधण्यात त्याच्या विभागाची सहा वर्षं गेली होती.

भाषण झालं. हरीश इंग्रजीत बोलला, रुचा जपानीत सांगत गेली. तांब्याच्या पत्र्यावर रेघ कशी कोरतात, शाई खाचेत कशी भरतात, हे त्याने पाच मिनिटं सांगितलं की रुचा एक वाक्य बोले आणि लोक हसत. शाईच्या रसायनशास्त्रात हसण्यासारखं काय आहे हे त्याला कळेना. तरी दाद ती दाद, म्हणून तो सुखावला. पण श्रोत्यांचं लक्ष कुठे आहे हे त्याला दिसत होतं. पाचव्या चित्रापुढे रांग लागली होती. ती फुलांना वळसा घालून बेडकांपर्यंत पोहोचली होती. शाळेची मुलं आली तेव्हा शिक्षिकेने त्यांना उंचीनुसार उभं केलं.

भाषणानंतर मोरिता-सान भेटले. त्यांनी खिशातून जपून घडी केलेला कागद काढला. "आपलं पत्र मी जवळ ठेवलंय," ते सावकाश, सोप्या जपानीत म्हणाले, आणि मोठ्याने वाचू लागले. पत्र सहा ओळींचं होतं. किराणा दुकानाच्या भाषेपलीकडचं त्यात काही नव्हतं, त्यामुळे हरीशला शब्द न् शब्द कळला.

'माझे वडील फार काळजीत आहेत. त्यांना ही चित्रं खूप आवडतात. त्यांचे इथे जास्त मित्र नाहीत. कृपया चित्रं परत पाठवू नका. पार्श्वभागाचं आपण ठरवाल तसं करा. आम्हाला सांभाळून घ्या.'

हरीश हॉलमधून बाहेर पडला. मागच्या बोळकंडीत पेयांची दोन यंत्रं होती, त्यांच्या मध्ये एक बाक. तिथे जाऊन बसला. यंत्रं मंद गुरगुरत होती. त्याला आधी राग आला, तो ओळखीचा होता, म्हणून त्याचं काही वाटलं नाही. नंतर जे आलं ते ओळखीचं नव्हतं.

रुचा शोधत आली. तिने यंत्रातून गरम कॉफीचा डबा काढला आणि त्याच्या हातात दिला.

"मोरिता-सानने दाखवलं?"

"मित्र नाहीत, हे कोणी सांगितलं तुला?"

"आहेत का?"

हरीशने डबा उघडला. "प्रताप आहे."

"प्रतापकाका योकोहामात आहे, बाबा."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"तुझं पत्र मी सगळं वाचलं," ती म्हणाली. "चारही पानं. तुझं ते, राजा चिडतो पण हसणारी माणसं त्याला दिसत नाहीत, ते मस्त होतं. पण त्यात अकरा वेळा 'बॅकग्राउंड' आलंय आणि सात वेळा 'बॅकसाइड'. मी शब्दशः पाठवलं असतं ना, तर त्यांनी फार फार माफी मागितली असती आणि चित्रं परत केली असती. तू सगळ्या लॅबला बोलावलंयस."

"मग मला सांगायचंस."

"तू ऐकलं असतंस?"

या प्रश्नावर हरीशने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," तो म्हणाला.

"मग." रुचाने त्याच्या हातातला डबा घेऊन एक घोट घेतला आणि डबा परत दिला. "आणि भाषणात मी शाईचं नाही सांगितलं. मी सांगितलं, बाबाने हे चित्र लावायला स्वतःचाच डिंक वापरला आणि ते पडलं. मग हेल्मेट घातलेले ओकुमुरा-सान."

हरीशने डोळे मिटले. आपल्या विभागाचे संचालक पहिल्या रांगेत बसले होते आणि सर्वांत मोठ्याने हसत होते, हे त्याला आता आठवलं.

तेवढ्यात मोरिता-सान धावत आले. प्रेक्षकांनी आपापल्या आवडत्या कलाकृतीखाली चिकटवलेल्या रंगीत टिकल्या मोजून झाल्या होत्या. 'प्रेक्षकांची पसंती' हे मानपत्र पाचव्या चित्राला मिळालं होतं. पण एक अडचण होती, आणि ती सांगताना मोरिता-सानांच्या कपाळावर घाम आला होता. मानपत्र कलावंताच्या नावे. नोंदीप्रमाणे कलावंत हयात. म्हणजे टॅप्सकॉट-सान यांनी स्वतः येऊन ते घ्यायला हवं, किंवा त्यांचं अधिकारपत्र हवं. साहेब व्यासपीठावर उभे आहेत, लोक वाट पाहताहेत.

"मी सांगते त्यांना," रुचा उठली.

"नको," हरीश म्हणाला. "मी बोलतो."

"जपानीत?"

"तू बस."

तो व्यासपीठावर चढला. नवा कोट, एक बटण चुकीच्या काजात, हातात अर्धा कॉफीचा डबा. तो खाली ठेवायचं सुचलंच नाही. समोर दीडशे माणसं. पहिल्या रांगेत ओकुमुरा-सान ताठ बसले होते. फुलांच्या शेजारी नुपूर उभी होती आणि तिने कपाळाला हात लावायची पूर्वतयारी केली होती. हरीशने प्रयोगशाळा आणि किराणा दुकान यांच्यामधली ती विशाल भाषा डोळ्यांसमोर आणली आणि तिच्यात उडी घेतली.

"टॅप्सकॉट-सान," तो म्हणाला, "आज येत नाहीत."

ओकुमुरा-सानांनी समजुतीने मान डोलावली.

"मेले. दोनशे वर्षं. बहुतेक." त्याने शब्द शोधला. सापडला तोच घेतला. "कागद नाही. मी पाच महिने फोन केला. ते उचलत नाहीत."

मागच्या बाजूला कोणीतरी फस्सकन हसलं. मोरिता-सान होते. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. कचेरीच्या इतिहासात त्यांना असं कोणी पाहिलेलं नव्हतं.

"टॅप्सकॉट-सान खूश," हरीश पुढे म्हणाला, कारण आता थांबणं अधिक भयंकर होतं. "त्यांचा पार्श्वभाग... त्यांचा नाही, स्क्वायरचा... सगळ्यांनी बघितला. पान उचलून बघितला. मुलांनीही, रांगेत. माझा डिंक पडतो. तुमचा भात पडत नाही. मला शिकवा. पिशवी नको."

शेवटचे दोन शब्द सवयीने बाहेर पडले. मानपत्र पुढे करणाऱ्या साहेबांच्या हातात खरोखरच एक पिशवी होती. हॉल कोसळला. ओकुमुरा-सानांनी गुडघ्यावर थाप मारली. पुष्परचना मंडळाच्या अध्यक्ष रुमालाने डोळे पुसत होत्या. साहेबांनी अधिकारपत्राचा विषय न काढता मानपत्र हरीशच्या हातात दिलं आणि ते स्वतःच इतके वाकले की त्यांचा चष्मा खाली पडला.

हरीश खाली उतरला तशी पान उचलणाऱ्या त्या पहिल्या आजीबाई वाटेत आल्या. चांगल्या नव्वदीच्या असाव्यात. त्यांनी त्याचं मनगट पकडलं, डोळ्यांत पाणी येईतो हसत, क्योतोच्या जुन्या बोलीत भरभर काहीतरी बरंच लांबलचक सांगितलं आणि त्याच्या दंडावर एक चापट मारली.

रुचाने भाषांतर करायला तोंड उघडलं.

"राहू दे," हरीश म्हणाला. "कळलं."

कळलं तर एक अक्षरही नव्हतं. पण आजीबाई त्याचं मनगट सोडत नव्हत्या, आणि तोही सोडवून घेत नव्हता.